'फॉरमॅट मारावं लागेल' हे पहिलंच उत्तर का?

कॉम्प्युटर बंद पडला की तो रिपेअरिंगच्या दुकानात जातो. दुकानदार खोलून बघतो, पंख्यावरची धूळ फुंकतो आणि सांगतो, "मदरबोर्ड गेलाय. दुसरं मशीन घ्या, त्यात नवीन विंडोज टाकून देतो." आणि जुन्यातलं सगळं? "कॉपी होईल तेवढं करतो, बाकी फॉरमॅट मारावं लागेल." आपण मान डोलावतो. त्यानं सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं आपल्याला वाटतं.

पण तसंच असतं का? मदरबोर्ड जाणं आणि ड्राइव्ह जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं विंडोज, त्यातली सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, फॉन्ट, फाइल्स हे सगळं त्या ड्राइव्हवर असतं. हार्ड डिस्क असो वा एसएसडी, दोन-चार स्क्रू काढले की ती बाहेर येते. बहुतेक वेळा ती दुसऱ्या मशीनमध्ये बसवून आहे तसं चालू करता येतं. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फॉरमॅट हे शेवटचं उत्तर असावं, पहिलं नाही. आणि 'आहे तसं हलवता येईल का?' हा प्रश्न विचारण्याइतकी माहिती आपल्याकडेही असावी. आपल्याकडे म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांकडेच नाही, तर बीए-बीकॉमवाल्यांकडे आणि माझ्यासारख्या मास कॉमवाल्यांकडेही.

एक मशीन, पन्नास कामं

शहरात काही घरांत दोन-दोन लॅपटॉप असतात. एक गेला तर दुसऱ्यावर भागतं, बराचसा डेटा क्लाउडवर असतो. गावात हे गणित वेगळं आहे. वडगाव रासाईसारखं गाव घ्या. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठावर, नदी ओलांडली की दौंड तालुका. अशा गावांत कॉम्प्युटर मोजके आणि त्यांच्यावर कामं मात्र खंडीभर. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याच्या एका मशीनवर सातबारा, महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विम्याच्या पावत्या, लोकांचे आधार आणि पासबुकांचे स्कॅन असं सगळं असतं. दूध संकलन केंद्रातल्या मशीनला वजनकाटा आणि फॅट-एसएनएफचं यंत्र जोडलेलं असतं आणि त्यावरच सभासदांची दहा दिवसांची बिलं निघतात. पत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याच्या मशीनमध्ये कित्येक वर्षांची डिझाइन्स असतात.

यातलं एखादं मशीन व्होल्टेज वर-खाली झाल्यानं गेलं तर काय होतं? अनेकदा एसएमपीएस किंवा मदरबोर्ड जातो आणि डिस्क शाबूत राहते. आता दूध केंद्राचंच उदाहरण धरा. नवीन विंडोज टाकायला तासभर पुरतो. पण दुधाचं सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस दुसऱ्या गावाला असतो. काट्याचं पोर्ट कुठलं, फॅट मशीनचं सेटिंग काय, जुना डेटाबेस कुठल्या फोल्डरमध्ये, हे सगळं त्यालाच माहीत. तो येईपर्यंत बिलं वहीवर. आणि बिलाच्या तारखेला शेतकरी विचारतो तेव्हा 'कॉम्प्युटर फॉरमॅट मारलाय' हे काही उत्तर होत नाही. इथं जुना ड्राइव्ह दुसऱ्या मशीनमध्ये आहे तसा उठला, तर त्याच संध्याकाळचं दूध नेहमीसारखं मोजलं जाऊ शकतं.

मराठीची तर आणखी एक खास गोम आहे. आपल्याकडे डीटीपीचं आणि ऑफिसातलं मराठी काम वर्षानुवर्षं युनिकोडमध्ये झालेलंच नाही. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, नाहीतर कृतिदेवसारखे फॉन्ट यांत झालं. या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथं तोच फॉन्ट नसला, तर 'चि.सौ.कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणजे फाइल कॉपी केली, पण फॉन्ट आणि की-बोर्डचं सेटिंग मागं राहिलं, तर हातात आलेलं वाचताच येत नाही. दुकानदार 'डेटा घेतलाय तुमचा' म्हणतो ते खोटं नसतं, फक्त अपुरं असतं. आख्खा ड्राइव्ह हलवला तर फॉन्टसकट सगळं सोबत येतं.

पूर्वी जमत नव्हतं, हेही खरं

दुकानदारांची ही सवय हवेतून आलेली नाही. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की निळा स्क्रीन ठरलेला. त्यावर शून्य-एक्स-सात-बी असा शेवट असलेला कोड यायचा. अर्थ साधा होता. विंडोज उठायला लागलं, पण ज्या डिस्कवरून उठायचं ती वाचायला नव्या मदरबोर्डच्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच त्याच्याकडे नव्हता. एक्सपी ज्या मशीनवर टाकलं, त्या मशीनच्या मापानं शिवलेलं असायचं. त्या काळात शिकलेल्या माणसाला 'मशीन बदललं की फॉरमॅट' हे बाळकडूच होतं.

नंतर परिस्थिती बदलली. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. ते अनोळखी मशीनमध्ये उठलं तर पहिल्यांदा थोडा वेळ खातं, स्क्रीनवर 'गेटिंग डिव्हाइसेस रेडी' दाखवतं, हार्डवेअर नव्यानं ओळखतं, एखाद-दोनदा रीस्टार्ट होतं आणि बऱ्याचदा तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर येऊन थांबतं. मग राहिलेले ड्रायव्हर टाकायचे. वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंगवर इंटरनेट घ्यायचं आणि अपडेट मारायचं. लिनक्समध्ये तर हे आणखी सोपं, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. तंत्र पुढं गेलं, दुकानातलं वाक्य मात्र तिथंच राहिलं.

अडतं कुठं?

आता दुसरी बाजू. 'ड्राइव्ह काढा, लावा, झालं' असं सांगणारे व्हिडिओ अर्धंच सांगतात. अडायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या आधी माहीत असल्या तर निम्मा मनस्ताप वाचतो.

पहिली जागा हार्डवेअरची. जुनी डिस्क बायोसच्या जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीनं सुरू होणारी असेल आणि नवं मशीन फक्त यूईएफआय ओळखत असेल, तर 'नो बूटेबल डिव्हाइस' येणार. याचा अर्थ डिस्क गेली असा नाही. डिस्कची रचना एमबीआरमधून जीपीटीमध्ये बदलायचं साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच येतं. दुसरं, एम.२ एसएसडी दिसायला सारख्याच असतात, पण काही साटा असतात आणि काही एनव्हीएमई. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये साटावाली बसेल, पण दिसणार नाही. तिसरं, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायोसला व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू असतं. त्यामुळं जुन्या ड्राइव्हवरच्या विंडोजला स्वतःचाच ड्राइव्ह सापडत नाही आणि ते उठत नाही. चांगला टेक्निशियन हे बायोसमध्ये जाऊन पाच मिनिटांत तपासतो. न तपासता 'डिस्क खराब' म्हणणारा टेक्निशियन बदलावा.

सगळ्यात सोपा मार्ग मात्र क्वचितच कुणी सुचवतं. तुमच्याच मॉडेलचा सेकंड हँड लॅपटॉप मिळाला तर तुमचा ड्राइव्ह त्यात टाकायचा. हार्डवेअर तेच असल्यानं विंडोजला फारसं काही नव्यानं ओळखावं लागत नाही.

दुसरी जागा लायसन्सची. इथं बहुतेकांचा घोळ होतो. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज हे ओईएम लायसन्स असतं आणि ते त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. मदरबोर्ड मेला की ते लायसन्सही त्याच्यासोबत गेलं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स मात्र एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं, एका वेळी एकाच मशीनवर. नव्या लॅपटॉपसोबत त्याचं स्वतःचं विंडोज आलेलं असेल आणि दोन्हीकडं एडिशन एकच असेल, म्हणजे होमला होम, तर बहुतेक वेळा हललेलं विंडोज त्याच लायसन्सवर ॲक्टिव्हेट होतं. तुमचा डेटा लायसन्समुळं उडत नाही, कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' एवढं दिसत राहतं. विंडोजसारखीच टॅलीचीही गोष्ट. तिचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करून मग नव्यावर चालू करायचं असतं. म्हणजे मशीन आचके द्यायला लागलं की लगेच करायचं हे काम आहे, ते गेल्यावर नाही.

आणि इथं एक गोष्ट स्पष्ट बोलू या. कित्येक मशीनमध्ये विंडोज क्रॅक केलेलंच असतं. ड्राइव्ह हलवल्यानं ते कायदेशीर होत नाही. आणि क्रॅकसोबत काय काय आत शिरलंय हे ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्या मशीनवर गावाचे आधार कार्ड स्कॅन होतात, त्यावर हे चालवणं म्हणजे तिजोरीचं कुलूप चोरबाजारातून आणण्यासारखं आहे. असा ड्राइव्ह आहे तसा हलवू नका. फाइल्स काढून घ्या आणि साफ सुरुवात करा. फॉरमॅट हे बरोबर उत्तर असतं ते अशा वेळी.

अठ्ठेचाळीस आकडे कुणाकडे आहेत?

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ती म्हणजे एन्क्रिप्शन.

विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासून नव्यानं सेट-अप होणाऱ्या बहुतेक मशीनवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉग-इन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो. होम एडिशनवरसुद्धा. तुम्हाला कुणी वेगळं विचारत नाही. त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते. रोज मशीन चालू करताना कुलूप आपोआप उघडतं, म्हणून ते आहे हे कळतही नाही. तोच ड्राइव्ह दुसऱ्या मशीनमध्ये लावला की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मिळाली नाही, तर विषय संपला. तपकीर गल्लीतला कितीही हुशार कारागीर असू दे, तो डेटा परत येत नाही. उघडता येऊ नये, यासाठीच तर ते कुलूप बनवलेलं आहे.

ही की असते कुठं? ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं मशीन पहिल्यांदा सेट-अप झालं, त्या अकाउंटमध्ये. आता आठवा, तुमच्या घरचा लॅपटॉप कुणी सेट-अप केला होता? आई-बाबांकडं ई-मेल नव्हता, म्हणून दुकानातल्या पोरानं स्वतःच्याच अकाउंटनं तो चालू करून दिला होता का? तसं असेल तर तुमच्या घराची किल्ली आज एका अनोळखी माणसाच्या खिशात आहे. त्याला स्वतःलाही ते माहीत नसेल आणि दोन वर्षांनी त्याचा नंबर लागेलच असं नाही. आणि तुम्ही रोज टाकता तो चार आकडी पिन? तो त्या मशीनपुरताच असतो. नव्या मशीनमध्ये तो चालत नाही, तिथं अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. शेवटचा कधी टाकला होता, आठवतंय?

यावर कुणी म्हणेल, मग हे एन्क्रिप्शन बंदच करून टाकू. तसं करू नका. कारण दुसरी बाजू जास्त भीतीदायक आहे. एन्क्रिप्शन नसलेला ड्राइव्ह कुणीही बाहेर काढून साध्या यूएसबी केसिंगमध्ये घालू शकतो आणि तुमचा विंडोजचा पासवर्ड न विचारता सगळ्या फाइल्स वाचू शकतो. लॅपटॉप एसटीत विसरला, चोरीला गेला किंवा जुना म्हणून विकला, तर फोटो, मार्कशीट, बँकेची स्टेटमेंट सगळं उघडं. ज्या सोयीनं तुम्ही ड्राइव्ह हलवता, त्याच सोयीनं चोरही हलवतो. म्हणून कुलूप हवंच. प्रश्न फक्त किल्ली कुणाकडं आहे, एवढाच आहे.

फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांना हे आणखी जास्त लागू होतं. त्यांच्या ड्राइव्हवर स्वतःचा नाही, गावाचा डेटा असतो. २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण कायद्याच्या आधी साधी माणुसकी आहे. ज्यानं विश्वासानं पासबुक दिलं, त्याचा स्कॅन भंगारात जाता कामा नये. नुसतं 'क्विक फॉरमॅट' मारून डिस्क भंगारवाल्याला दिली तर त्यातलं बरंच काही साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं परत काढता येतं. गंमत बघा, फॉरमॅट आपल्या कामाचं तेवढं नेमकं घालवतं आणि जे खरंच पुसायला हवं ते पुसत नाही.

दुकानदाराचंही ऐकू या

दुकानदार आळशी आहेत, असं मला म्हणायचं नाही. त्यांचं म्हणणं ऐकलं तर त्यात तथ्य आहे. कोरं विंडोज टाकणं हे ठरलेल्या वेळाचं काम. ड्राइव्ह हलवणं म्हणजे अर्धा तासही लागेल नाहीतर आख्खी दुपारही जाईल. गिऱ्हाईक मात्र दोन्हीला तेवढेच पैसे देणार, वर 'नुसती डिस्क तर लावली' म्हणणार. शिवाय हललेल्या विंडोजमध्ये जुना कचरा, जुने ड्रायव्हर, कधी व्हायरसही सोबत येतो. पंधरा दिवसांनी मशीन हँग झालं की शिव्या दुकानदारालाच. अशात तो सुरक्षित वाट धरतो, यात नवल नाही.

मग उपाय काय? जास्त वेळाचे जास्त पैसे द्यायची तयारी आपण ठेवली पाहिजे. दूध केंद्राचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचा खर्च आणि खोळंबा बघता, डिस्क हलवायची चार पैसे जास्तीची मजुरी स्वस्तच पडते. आणि दुकानदारानं तीन गोष्टी कराव्यात. काहीही करायच्या आधी आख्ख्या डिस्कची इमेज काढावी. क्लोनझिलासारखं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. मग गिऱ्हाइकाला दोन्ही पर्याय, वेळ आणि पैसे सांगावेत. आणि जुना ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावा, स्वतःकडं ठेवू नये. यातली शेवटची गोष्ट तर फुकट आहे.

ज्याला कोरं विंडोजच हवंय त्यानं ते जरूर घ्यावं. नुसतं गाणी-सिनेमे-ब्राउझिंगचं मशीन असेल तर फाइल्स कॉपी करून साफ सुरुवात करणं केव्हाही चांगलं. पण तो निर्णय मशीनच्या मालकाचा असावा.

मोठं चित्र

हे आत्ताच बोलायचं कारण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांसाठी कंपनीनं नोंदणी करून वर्षभराचे जादा सिक्युरिटी अपडेट दिले, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. म्हणजे आपल्या आसपासची कितीतरी चालती मशीन अपडेटच्या हिशेबात निवृत्त झाली. त्यामुळं एका मशीनमधून दुसऱ्यात जाणं सध्या अनेकांच्या वाट्याला येणार आहे, मदरबोर्ड जळो न जळो.

या सगळ्या डब्यांचं पुढं काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्या 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर'नुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद ठेवून, नीट पद्धतीनं गोळा आणि रिसायकल झाला. आपल्याकडं ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण गावातलं बंद मशीन अजूनही बहुतेक वेळा माळ्यावर जातं नाहीतर भंगाराच्या गाडीवर. जुन्या मशीनला दुसरा जन्म द्यायचा तर लिनक्स हा खरा पर्याय आहे. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावर चालतात, त्यासाठी तिथल्या 'काइट' या संस्थेनं स्वतःची आवृत्ती बनवली आहे. ते मल्याळममध्ये जमतं तर मराठीत न जमायला काय झालं?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. विचार चांगला आहे. शेतकऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. ट्रॅक्टरचं इंजिन गेलं म्हणून कुणी ट्रॉली फेकून देत नाही. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे नुसते सुटे भाग मिळणं नव्हे. एका डब्यातला आपला ड्राइव्ह दुसऱ्या डब्यात नेता येणं हाही त्याच हक्काचा भाग आहे. आणि वारं नेमकं उलट्या दिशेनं वाहतंय. २०१८ नंतरच्या टी२ चिपच्या आणि आताच्या एम सीरिजच्या मॅकमध्ये स्टोरेज त्या मशीनच्या चिपशीच बांधलेलं असतं. ते दुसऱ्या मशीनमध्ये नेऊन चालवणं होतच नाही. अनेक पातळ आणि स्वस्त लॅपटॉपमध्येही मेमरी बोर्डवरच सोल्डर केलेली येते. तिथं बॅकअप हाच एक आधार. लॅपटॉप घेताना आपण रॅम विचारतो, ग्राफिक्स विचारतो, रंगसुद्धा विचारतो. 'यातला ड्राइव्ह काढता येतो का?' हे मात्र कुणी विचारत नाही.

या रविवारी एवढं करा

लॅपटॉप चालू आहे तोवरच करायच्या या गोष्टी. अर्धा-पाऊण तास पुरेल.

सेटिंग्जमध्ये जाऊन 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. असेल तर ज्या अकाउंटनं लॉग-इन आहे ते तुमचंच आहे ना, याची खात्री करा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्या अकाउंटनं जाऊन तुमच्या डिव्हाइसखालची ४८ आकडी रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहून घरात, सातबारा-रेशन कार्ड ठेवता त्या फाइलमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काही उपयोग नाही. अकाउंट दुसऱ्याचं निघालं तर स्वतःचं जोडा आणि की तिथं आली की नाही ते तपासा.

अकाउंटचा पासवर्ड एकदा टाकून बघा. मोबाइल नंबर बदलला असेल तर तिथंही बदला.

बिल काढून त्याचा फोटो ठेवा. टॅली किंवा इतर पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरची लायसन्स कुठल्या ई-मेलवर आहेत ते लिहून ठेवा. श्रीलिपी-आयएसएममधल्या महत्त्वाच्या फाइल्सची पीडीएफ करून ठेवा आणि नवीन काम युनिकोडमध्येच सुरू करा.

चालू मशीनमधून ड्राइव्ह काढायची वेळ आलीच तर आधी बॅकअप घ्या, एन्क्रिप्शन 'सस्पेंड' करा आणि शिफ्टचं बटण दाबून धरत शट डाउन करा, म्हणजे मशीन अर्धवट झोपेत न राहता पूर्ण बंद होतं. फक्त फाइल्सच हव्या असतील तर आख्खा खटाटोप करायची गरज नाही. यूएसबी केसिंगमध्ये ड्राइव्ह घालून दुसऱ्या मशीनला जोडला तरी काम होतं.

आणि हे फक्त स्वतःच्या लॅपटॉपपुरतं ठेवू नका. आपल्यापैकी कितीतरी जण पुण्यात, रांजणगावात, शिरूरला शिकायला-नोकरीला आहेत आणि शनिवारी-रविवारी गावी जातात. गेलात की दूध केंद्रावर, ग्रामपंचायतीत, शाळेत, ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात हे दोन प्रश्न विचारा. 'बॅकअप कुठं आहे?' आणि 'रिकव्हरी की कुणाकडं आहे?' काका-दादा आधी तुमच्याकडं चमकून बघतील. मग बहुतेक खुर्ची पुढं सरकवतील आणि म्हणतील, 'बघ की मग जरा.' बघा. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला उपयोगी पडतं, हे ज्ञान दहा तारखेचं बिल काढायला उपयोगी पडेल.

आणि पुढच्या वेळी काउंटरपलीकडून 'फॉरमॅट मारावं लागेल' ऐकू आलं की भांडू नका. एवढंच म्हणा, "आधी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघू. नाहीच उठली, तर मग मारा."